प्रवासी जहाजांचा मागोवा

प्रवासी जहाजांचा मागोवा म्हणजे समुद्रात असलेले प्रवासी जहाज एखाद्या वेळी कोठे आहे, कोणत्या दिशेने व किती वेगाने चालले आहे आणि कोणत्या बंदराकडे जात आहे, हे जहाजाबाहेरील माणसांना व यंत्रणांना कळत राहण्याची व्यवस्था होय. जहाजावरील अधिकाऱ्यांनी आपले स्थान ठरवणे आणि ते स्थान किनाऱ्यावर कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कला फार जुनी आहे. दुसरी गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशामुळे शक्य झाली आणि सर्वसामान्यांच्या हाती ती एकविसाव्या शतकात आली. सध्या हे काम मुख्यतः स्वयंचलित ओळख प्रणाली (एआयएस) या रेडिओ व्यवस्थेद्वारे चालते. आंतरजालावरील नकाशांत जहाजांच्या जागी दिसणारे रंगीत बाण याच व्यवस्थेतून येतात.

जुनी असो वा नवी, या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान आहे. किनाऱ्यावर कळते ते बहुतांशी जहाजाने स्वतःविषयी केलेले निवेदन असते. ते निवेदन चुकीचे, अपुरे किंवा शिळे असू शकते. प्रवासी जहाजांच्या इतिहासातील अनेक मोठ्या दुर्घटनांत या फरकाला महत्त्व आलेले दिसते.

== स्थान ठरवण्याचा जुना हिशोब ==

किनारा दृष्टीआड झाल्यावर दर्यावर्दी आपले स्थान अंदाजी हिशोबाने ठरवीत. शेवटचे खात्रीचे स्थान, होकायंत्राने दाखवलेली दिशा, जहाजाचा वेग आणि लोटलेला वेळ यांवरून नकाशावर पुढचा बिंदू काढला जाई. वेग मोजण्यासाठी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत. दोन गाठींमध्ये ४७ फूट ३ इंच अंतर असे व २८ सेकंदांची वाळूची घटिका रिकामी होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. वेगाच्या 'नॉट' या एककाचे नाव या गाठीवरूनच पडले. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर.

या हिशोबात प्रवाह व वारा यांमुळे होणारे विचलन पूर्णपणे धरता येत नसे, आणि चूक तासागणिक वाढत जाई. म्हणून दुपारी सूर्य माथ्यावर असताना त्याची उंची मोजून अक्षांश काढत. रेखांशासाठी अचूक घड्याळ लागे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे घड्याळ चार सेकंद चुकले तरी विषुववृत्तावर जहाजाचे स्थान एका सागरी मैलाने चुकते. जॉन हॅरिसन यांच्या चौथ्या घड्याळाची सागरी चाचणी १७६१ मध्ये सुरू झाली. त्यानंतर हा प्रश्न हळूहळू सुटत गेला. प्रवासी आगबोटींवर दुपारचे स्थान नकाशावर खुणेने दाखवून तो नकाशा प्रवाशांसाठी लावण्याचा प्रघात पुढे पडला. मात्र ही खूण जहाजावरच राही. घरच्या मंडळींना ती दिसत नसे.

== बिनतारी संदेशापूर्वी ==

बंदर सोडलेल्या जहाजाची बातमी पुढच्या बंदरातून तार येईपर्यंत मिळत नसे. वाटेत एखादे जहाज भेटले, तर ते झेंड्यांच्या वा दिव्यांच्या खुणांनी विचारपूस करी आणि बंदरात पोहोचल्यावर ती भेट कळवी. १७३४ पासून निघणाऱ्या 'लॉइड्स लिस्ट' या लंडनच्या पत्रात जहाजांची ये-जा नियमित छापली जाई. विमा व्यवसायासाठी ती फार उपयोगी होती. दीर्घ काळ वार्ता न लागलेले जहाज लॉइड्समध्ये 'बेपत्ता' म्हणून जाहीर केले जाई. तेथील 'लूटीन' या जुन्या युद्धनौकेची घंटा अशुभ वार्तेसाठी एकदा आणि हरवलेले जहाज परतल्याच्या शुभ वार्तेसाठी दोनदा वाजवण्याची प्रथा होती.

पश्चिम भारताच्या किनाऱ्याने या परिस्थितीची किंमत 'वैतरणा' या आगबोटीच्या रूपाने मोजली. विजेच्या दिव्यांमुळे कच्छ-काठियावाडात ती 'वीजळी' या नावानेच ओळखली जाई. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली. वाटेत वादळ झाले. मांगरोळजवळच्या समुद्रात ती शेवटची दिसली आणि त्यानंतर तिचा पत्ता लागला नाही. तिच्यावर सातशेहून अधिक माणसे असल्याचे मानले जाते. मुंबईस येणारी बोट आली नाही, एवढीच पहिली बातमी होती. ती कोठे शोधावी हे कोणाही जवळ सांगण्यासारखे नव्हते.

'वाराटा' या ब्रिटिश जहाजाची कथा याच प्रकारची आहे. २११ माणसांसह ते २६ जुलै १९०९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथून केप टाउनकडे निघाले. दुसऱ्या दिवशी एका मालवाहू जहाजाशी त्याची दिव्याच्या खुणांनी विचारपूस झाली. पुढे ते कोणाला निश्चितपणे दिसल्याची नोंद नाही. त्या वेळी अटलांटिकवरील मोठ्या जहाजांवर बिनतारी यंत्रे बसू लागली होती. 'वाराटा'वर ते नव्हते. या जहाजाचा सांगाडाही अद्याप सापडलेला नाही.

== बिनतारी संदेशाचे युग ==

जहाज समुद्रात असतानाच त्याच्या प्रवासाची बातमी जगभर वाचली जाण्याचा पहिला मोठा प्रसंग १९१० मध्ये आला. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला हॉली हार्वे क्रिपेन हा नाव बदलून 'माँट्रोझ' या जहाजाने कॅनडाकडे पळून चालला होता. कप्तान हेन्री केंडल यांना संशय आला व त्यांनी बिनतारी संदेशाने लंडनला कळवले. स्कॉटलंड यार्डचे निरीक्षक वॉल्टर ड्यू अधिक वेगाच्या 'लॉरेंटिक' या जहाजाने निघाले. दोन्ही जहाजांमधले अंतर कसे कमी होत आहे हे वर्तमानपत्रांचे वाचक रोज वाचत होते. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते त्याला मात्र त्याची वार्ता नव्हती. ३१ जुलै १९१० रोजी क्रिपेनला जहाजावरच अटक झाली.

दोन वर्षांनी 'टायटॅनिक'च्या प्रसंगी बिनतारी संदेशाचे सामर्थ्य आणि त्यातील उणीव दोन्ही दिसून आली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगावर आदळल्यानंतर चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल यांनी काढलेले ४१° ४६′ उत्तर, ५०° १४′ पश्चिम हे स्थान मदतीच्या हाकेबरोबर पाठवण्यात आले. सायंकाळच्या ताऱ्यांवरून काढलेले स्थान व त्यानंतरचा अंदाजी वेग यांवर ते आधारलेले होते. १ सप्टेंबर १९८५ रोजी समुद्रतळाशी जहाजाचे अवशेष सापडले, तेव्हा ते या स्थानापासून सुमारे १३ सागरी मैल पूर्वेकडे असल्याचे स्पष्ट झाले. मदतीस धावलेले 'कार्पेथिया' हे जहाज आग्नेयेकडून येत होते. त्यामुळे चुकीच्या स्थानाकडे जात असतानाही जीवनरक्षक नौका त्याला वाटेतच आढळल्या. ते दुसऱ्या दिशेने येत असते तर शोधास किती वेळ लागला असता, हा प्रश्न अभ्यासकांनी वारंवार मांडला आहे.

या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्रे व त्यांवर सतत लक्ष ठेवण्याची व्यवस्था हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. पुढे अनेकदा सुधारलेला हा करार 'सोलास' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो व आजचे बहुतेक नियम त्यातूनच आलेले आहेत.

किनाऱ्यालगतच्या छोट्या फेऱ्यांना मात्र ही सोय सर्वत्र लाभली नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोट सुटून तासही झाला नव्हता आणि मुंबई काही मैलांवरच होती. परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यामुळे शहराला अनेक तास काहीच कळले नाही. रेवसकडच्या कोळ्यांच्या मचव्यांनी पाण्यातील काही जणांना वाचवले. कोकणातील घराघरांत आजही सांगितल्या जाणाऱ्या या दुर्घटनेची पहिली वार्ता मुंबईस पोहोचली ती पोहून वा तरंगत किनाऱ्यास लागलेल्या माणसांकडून.

== हालचालींची नोंद ठेवण्याच्या व्यवस्था ==

मदतीची हाक ऐकू आली, तरी जवळ कोणते जहाज आहे हे माहीत असल्याखेरीज तिचा उपयोग मर्यादित राहतो. या विचारातून अमेरिकी तटरक्षक दलाने जुलै १९५८ मध्ये 'आम्वर' ही ऐच्छिक नोंदव्यवस्था सुरू केली. सहभागी जहाजे आपला नियोजित मार्ग व वेळोवेळचे स्थान कळवतात. अपघात झाल्यास त्या क्षणी आसपास कोण असावे याचा हिशोब यंत्र करून देते. ४ ऑक्टोबर १९८० रोजी अलास्काच्या आखातात 'प्रिन्सेनडॅम' या पर्यटक जहाजास आग लागली, तेव्हा 'विल्यम्सबर्ग' हे तेलवाहू जहाज वाट वाकडी करून मदतीस आले. पाचशेहून अधिक प्रवासी व कर्मचारी, त्यांत बरेच वृद्ध, सर्वच्या सर्व वाचले. भारतात तटरक्षक दलाची 'इंडसार' ही अशाच स्वरूपाची व्यवस्था आहे.

या पद्धतीत स्थान माणसाने कळवावे लागते, आणि संकटात नेमके तेच अवघड होते. २८ सप्टेंबर १९९४ च्या मध्यरात्रीनंतर बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' ही फेरी बोट कलंडू लागली. तिची हाक जवळच्या जहाजांनी ऐकली व स्थान विचारले. जहाजावरील वीज गेली असल्याने यंत्रावरील स्थान दिसत नाही, असे उत्तर आले. काही मिनिटांनी अक्षांश-रेखांश कळले आणि त्यानंतर लवकरच संपर्क तुटला. ९८९ जणांपैकी ८५२ जणांचा मृत्यू झाला. माणसाने न सांगताही जहाजाचे स्थान सतत प्रसारित होत राहावे ही कल्पना त्या काळात आकार घेत होतीच.

== स्वयंचलित ओळख प्रणाली ==

२००० साली सोलास करारात झालेल्या दुरुस्तीने एआयएस यंत्र बंधनकारक झाले. आंतरराष्ट्रीय प्रवासातील ३०० टनभार व त्यावरील जहाजांना, तसेच कोणत्याही आकाराच्या प्रवासी जहाजांना ही अट लागू आहे. जुन्या प्रवासी जहाजांसाठी १ जुलै २००३ ही मुदत होती. या करारात १२ पेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ते प्रवासी जहाज, अशी व्याख्या आहे.

यंत्राचे मूळ प्रयोजन टक्कर टाळणे हे आहे. रडारच्या पडद्यावर दुसरे जहाज केवळ ठिपका म्हणून दिसते. एआयएस त्या ठिपक्याला नाव देते. यंत्र उपग्रहांकडून आपले स्थान घेते आणि १६१.९७५ व १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वारंवारतांवर ते प्रसारित करते. प्रत्येक वारंवारतेवरील एका मिनिटाचे २,२५० समान भाग पाडलेले असतात. एका भागात एक छोटा संदेश मावतो. कोणता भाग कोणी वापरायचा हे ठरवणारे केंद्र नाही: प्रत्येक यंत्र इतरांचे ऐकते, मोकळा भाग निवडते आणि पुढच्या वेळी आपण कोणता भाग घेणार हेही जाहीर करते. गर्दीच्या बंदरात शेकडो जहाजे एकाच वेळी बोलत असूनही गोंधळ होत नाही तो या शिस्तीमुळे.

संदेश किती वेळाने जातो हे जहाजाच्या हालचालीवर अवलंबून असते. नांगरलेले जहाज तीन मिनिटांनी एकदा बोलते. १४ नॉटपर्यंतच्या वेगात दर १० सेकंदांनी, २३ नॉटपर्यंत दर ६ सेकंदांनी आणि त्याहून अधिक वेगात दर २ सेकंदांनी संदेश जातो. जहाज वळत असल्यास हे प्रमाण वाढते. २० नॉट वेगाने चाललेले जहाज दोन संदेशांच्या दरम्यान सुमारे ६२ मीटर पुढे सरकते, म्हणजे मोठे पर्यटक जहाज आपल्या लांबीच्या चतुर्थांशाइतकेही जात नाही. नकाशावरील बिंदू हा वस्तुतः जहाजावरील एका आकाशकाचा असतो. 'क्वीन मेरी २'सारख्या ३४५ मीटर लांबीच्या जहाजाच्या बाबतीत आकाशकापासून नाळ व वरवंडी किती दूर आहेत हे सांगणे आवश्यक ठरते, आणि म्हणून ती मापेही संदेशात दिलेली असतात.

प्रसारित होणारी माहिती तीन प्रकारची असते. स्थान, वेग, दिशा या बदलत्या गोष्टी यंत्र स्वतः भरते. नाव, ओळख क्रमांक, लांबी-रुंदी या स्थिर गोष्टी यंत्र बसवताना एकदाच भरल्या जातात. गंतव्य बंदर, पोहोचण्याची अपेक्षित वेळ, पाण्याखालील खोली आणि 'नांगरलेले', 'मार्गस्थ' यांसारखी अवस्था या प्रवासविषयक गोष्टी मात्र अधिकाऱ्याने प्रत्येक वेळी हाताने भराव्या लागतात. चुका बहुधा येथेच होतात. धक्का सोडून दोन तास झालेले जहाज अवस्थेच्या रकान्यात अजून 'बांधलेले' दिसणे ही नित्याची बाब आहे. गंतव्यासाठी केवळ २० अक्षरांची जागा असल्याने बंदराचे सांकेतिक नाव लिहितात. मुंबईसाठी ते 'आयएन-बीओएम' असे आहे. अपेक्षित वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वाचकाने तीत साडेपाच तास मिळवले नाहीत, तर जहाज पहाटे येणार की सकाळी याबाबत त्याची फसगत होते.

== जहाजाची ओळख ==

मागोवा घेताना नावावर विसंबता येत नाही. जहाजे विकली जातात आणि नावे बदलतात. शिवाय एकाच नावाची अनेक जहाजे एका वेळी समुद्रात असू शकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने (आयएमओ) प्रत्येक जहाजास सात अंकी क्रमांक देण्याची पद्धत १९८७ मध्ये स्वीकारली व १९९६ पासून ती बंधनकारक केली. हा क्रमांक जहाजाच्या सांगाड्याशी जोडलेला असतो आणि ते मोडीत निघेपर्यंत बदलत नाही.

मुंबईहून गोवा व लक्षद्वीपच्या सफरी करणाऱ्या 'एम्प्रेस' या जहाजाचे उदाहरण बोलके आहे. १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ते सेवेत आले. २००४ मध्ये ते 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाले, २००८ मध्ये नुसते 'एम्प्रेस', २०१६ मध्ये पुन्हा 'एम्प्रेस ऑफ द सीज' आणि २०२१ मध्ये भारतीय सेवेत आल्यावर पुनश्च 'एम्प्रेस'. या सर्व काळात त्याचा क्रमांक ८७१६८९९ हाच राहिला. क्रमांकातील शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणून बेरीज केली की तिचा एकम स्थानचा अंक सातव्या अंकाशी जुळला पाहिजे. येथे ५६, ४२, ५, २४, २४ व १८ यांची बेरीज १६९ येते, म्हणजे शेवटी ९.

याखेरीज रेडिओ यंत्रासाठी नऊ अंकी वेगळा क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवतात. भारतासाठी ते ४१९ आहेत. जहाजाने ध्वज बदलला की हा क्रमांक बदलतो, त्यामुळे जुन्या प्रवासांची साखळी जुळवण्यास तो पुरेसा ठरत नाही.

== किनाऱ्यापासून दूर ==

एआयएसच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे जहाजाचा संदेश दुसऱ्या जहाजास साधारणपणे २० सागरी मैलांपर्यंत आणि उंचावरील किनारी केंद्रास ४० मैलांच्या आसपास ऐकू येतो. त्यापलीकडे गेलेले जहाज किनाऱ्याला 'दिसेनासे' होते. ते तेथे नाही असा त्याचा अर्थ नव्हे. हवामानाच्या विशिष्ट स्थितीत संदेश याहून बरेच दूर पोहोचतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

वरच्या दिशेने मात्र आडोसा नसतो. अवकाशातून हे संदेश टिपणारे उपग्रह गेल्या दोन दशकांत कार्यरत झाले. भारताच्या इस्रोने एप्रिल २०११ मध्ये सोडलेल्या 'रिसोर्ससॅट-२' या उपग्रहावरही कॅनडात तयार झालेले असे ग्राहक यंत्र होते. उपग्रहापुढची अडचण किनाऱ्याच्या उलट असते: त्याला एकाच वेळी फार मोठा प्रदेश ऐकू येतो. एकमेकांपासून दूर असलेली जहाजे वेळेचा तोच भाग वापरतात आणि त्यांचे संदेश उपग्रहापाशी एकमेकांवर आदळतात. खुल्या महासागरातील नोंदी अधूनमधून खंडित असण्याचे हे एक कारण आहे.

सरकारांसाठी आणखी एक व्यवस्था आहे. लांब पल्ल्याची ओळख व मागोवा पद्धती (एलआरआयटी) या नावाने ती ओळखली जाते व २००८ पासून तिचा नियम अमलात आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासातील प्रवासी जहाजे उपग्रहाद्वारे दर सहा तासांनी आपली ओळख, स्थान व वेळ कळवतात. जहाजाचा ध्वज ज्या देशाचा तो देश, जहाज जेथे जाणार ते बंदर ज्याचे तो देश आणि जहाज ज्याच्या किनाऱ्यापासून एक हजार सागरी मैलांच्या आत आहे तो देश यांना ही माहिती मागता येते. भारतात हा विषय मुंबईस मुख्यालय असलेल्या जहाज वाहतूक महासंचालनालयाच्या कक्षेत येतो. ही माहिती जनतेसाठी खुली नसते.

== खुले नकाशे ==

एआयएसचे संदेश सांकेतिक कुलपात बंद नसतात. योग्य ग्राहक यंत्र घेऊन किनाऱ्यावर बसलेल्या कोणासही ते ऐकता येतात, कारण समोरून येणाऱ्या अनोळखी जहाजाला ते समजणे हाच त्यांचा हेतू आहे. ग्रीसमधील एजियन विद्यापीठातील एका शैक्षणिक उपक्रमातून २००७ मध्ये 'मरीनट्रॅफिक' हे संकेतस्थळ उभे राहिले. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या छपरावर आकाशक लावून त्याला माहिती पुरवली. पुढे अशी अनेक स्थळे निघाली.

या खुलेपणास विरोधही झाला. आयएमओच्या सागरी सुरक्षा समितीने डिसेंबर २००४ मध्येच एआयएसची माहिती आंतरजालावर प्रसिद्ध करणे जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षिततेस बाधक ठरू शकते, अशी भूमिका घेतली होती. चाचेगिरीच्या क्षेत्रात ही भीती निराधार नाही, आणि सुरक्षिततेस धोका वाटल्यास यंत्र बंद करण्याची मुभा कप्तानास दिलेली आहे. प्रत्यक्षात मात्र हे नकाशे टिकले. बंदरावर आप्तांना आणायला जाणाऱ्यांपासून वार्ताहरांपर्यंत सर्वजण ते वापरतात.

नकाशा पाहताना शेवटचा संदेश किती वेळापूर्वीचा आहे हे आधी पाहणे अगत्याचे असते. काही स्थळे जुन्या नोंदीवरून जहाज पुढे कोठे असावे याचा अंदाज काढून तेथे चिन्ह दाखवतात. तो पूर्वीच्या दर्यावर्द्यांचा अंदाजी हिशोबच असतो. फरक इतकाच की तो जहाजावरील माणसाने केलेला नसतो.

== नोंद आणि वस्तुस्थिती ==

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतील चिवितावेक्किया बंदरातून निघालेले 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज जिल्यो बेटाजवळील खडकावर आदळले. जहाजावर ४,२२९ जण होते. ३२ जणांचा मृत्यू झाला. जहाजाचे स्थान या प्रसंगी अज्ञात नव्हते. तरीही तटरक्षक दलास पहिली चाहूल लागली ती जहाजाकडून नव्हे. एका प्रवासी महिलेने आपल्या मुलीस दूरध्वनी केला, मुलीने पोलिसांना कळवले आणि पोलिसांनी लिव्होर्नो येथील तटरक्षकांना. त्यांनी जहाजाशी संपर्क साधला तेव्हा केवळ वीज गेल्याचे सांगण्यात आले. जहाज कोठे आहे हे ठाऊक असणे आणि त्याच्यावर काय चालले आहे हे ठाऊक असणे यांतील अंतर या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

अपघातानंतर मात्र एआयएसच्या साठवलेल्या नोंदी बहुमोल ठरल्या. जहाजाने ठरलेला मार्ग सोडून बेटाकडे कसे वळण घेतले आणि आदळल्यानंतर ते वाऱ्याने कसे परत किनाऱ्याकडे ढकलले गेले, हे त्यांवरून अल्पावधीतच मांडता आले. ऑगस्ट २०११ मध्येही ते या बेटाच्या अगदी जवळून गेले होते, हेही उघड झाले. न्यायालयीन चौकशीत याबरोबरच जहाजावरील प्रवासनोंद यंत्रही तपासले गेले. विमानातील काळ्या पेटीसारखे हे यंत्र प्रवासी जहाजांना सोलास करारानुसार सक्तीचे आहे; स्थानाबरोबरच नियंत्रणकक्षातील संभाषणही ते टिपते.

उपग्रहाकडून येणारे स्थान खोटे पाडता येते, ही नवी चिंता आहे. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या २० हून अधिक जहाजांच्या यंत्रांनी आपले स्थान जमिनीवरील एका विमानतळावर असल्याचे दाखवले. जहाजे प्रत्यक्षात पाण्यातच होती. एआयएस यंत्र उपग्रहावर विश्वास ठेवते, म्हणून तेच स्थान पुढे जगाला सांगितले गेले. याच कारणाने रडार व प्रत्यक्ष टेहळणी यांना पर्याय म्हणून एआयएस वापरू नये, अशी शिकवण नौकानयनाच्या अभ्यासक्रमांत दिली जाते.

== कोविड साथीचा काळ ==

२०२० च्या आरंभी प्रवासी जहाजांचा मागोवा हा एकाएकी सर्वसामान्य कुटुंबांचा विषय झाला. योकोहामा येथे विलगीकरणात ठेवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ कर्मचारी. 'वेस्टरडॅम' या जहाजाला एकापाठोपाठ एक बंदराने प्रवेश नाकारला आणि १३ फेब्रुवारी रोजी अखेर कंबोडियातील सिहानूकव्हिल येथे त्यास धक्का मिळाला. पर्यटक जहाजांवर काम करणाऱ्यांत गोवा, मुंबई व कोकण येथील तरुणांची संख्या मोठी असल्याने या बातम्या येथील घरांशी थेट निगडित होत्या. 'मारेला डिस्कव्हरी' हे जहाज दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचाऱ्यांसह एप्रिलमध्ये भारतीय किनाऱ्याजवळ आले. त्यांत अनेक गोमंतकीय होते. नकाशावर जहाज किनाऱ्यानजीक दिसत होते, पण उतरण्याची परवानगी नव्हती. केंद्रीय गृह मंत्रालयाने खलाशांना उतरवण्याची कार्यपद्धती ठरवून दिल्यानंतर २३ एप्रिल २०२० रोजी त्यांना मुंबईत उतरता आले.

== भारतीय किनारा ==

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात अतिरेकी 'कुबेर' या अपहृत मच्छीमार नौकेचा वापर करून समुद्रमार्गे आले होते. त्यानंतर किनारी टेहळणी वाढवण्यात आली. दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालयाने देशभरच्या दीपगृहांवर एआयएस ग्राहक केंद्रांची साखळी उभारली. तटरक्षक दलाने रडार केंद्रे उभी केली, आणि २० मीटरहून लांब मच्छीमार नौकांना एआयएस आवश्यक करण्यात आले. ज्या नौकेवर यंत्रच नाही किंवा ते बंद केलेले आहे, ती या साखळीस ऐकू येत नाही. ती केवळ रडारवर किंवा डोळ्यांना दिसू शकते. समुद्रातील शोध व बचाव कार्याचे समन्वय केंद्र पश्चिम किनाऱ्यासाठी मुंबईत आहे.

सोलास करार प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रवासास लागू आहे. बंदरांतर्गत व खाडीतील प्रवासी लाँचेसाठीचे नियम देशांतर्गत कायद्यांनी ठरतात, आणि महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळील मांडव्यास वाहनांसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. तिचे जहाज खुल्या नकाशांवर पाहता येते. लहान लाकडी लाँचेस मात्र तेथे बहुधा दिसत नाहीत.

जहाजावर किती माणसे आहेत हे एआयएसच्या नेहमीच्या संदेशातून कळत नाही. त्यासाठी सोलास करारात वेगळी तरतूद असून प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरील सर्व माणसांची मोजणी करणे बंधनकारक आहे. 'वैतरणा' व 'रामदास' या दोन्ही बोटींवर नेमकी किती माणसे होती, याबाबत निरनिराळे आकडे दिले जातात.